जर्मनची नाव

केडगावच्या बाजारात ॲल्युमिनियम हा शब्द फारसा कोणाच्या तोंडी नाही. त्या धातूला इथे ‘जर्मन’ म्हणतात. जर्मनचे पातेले, जर्मनची किटली, जर्मनचा डबा. कोणे एके काळी जर्मन सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूची भांडी बाजारात आली आणि त्यांच्यामागून आलेल्या या हलक्या, पांढऱ्या, स्वस्त धातूने त्यांचे नाव उचलले, असे जाणती माणसे सांगतात. खरे जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. त्यात चांदी औषधालाही नसते. आमच्या जर्मनचा तर त्याच्याशीही काही संबंध नाही. पण नाव चिकटले ते चिकटले. त्यामुळे भीमेच्या पाण्यात ॲल्युमिनियमची एक होडी उतरली तेव्हा तिला ‘जर्मनची नाव’ यापरते दुसरे नाव मिळणे शक्यच नव्हते.

या धातूने दिवसही मोठे गमतीचे पाहिले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो दुर्मिळ म्हणून राजेरजवाड्यांच्या मिरवणुकीचा होता. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन मानाच्या पाहुण्यांपुढे ॲल्युमिनियमचे काटेचमचे मांडी आणि बाकीच्यांची बोळवण सोन्याच्या चमच्यांवर करी, अशी एक कथा सांगतात. पुढे १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी, एकमेकांची खबरबात नसताना, विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा काढण्याची एकच युक्ती शोधून काढली, आणि राजाच्या ताटातला धातू हमालाच्या डब्यात आला. आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला राधानगरी-शाहूवाडीच्या डोंगरमाथ्यांवर जे बॉक्साइट सापडते ते या धातूचे माहेर. वजन लोखंडाच्या जेमतेम एकतृतीयांश आणि वर गंज चढत नाही. होडीला आणखी काय हवे?

गंज चढत नाही हे मात्र अर्धेच खरे. उरलेले अर्धे मला त्या नावेने शिकवले. पदार्थविज्ञानाशी माझी ओळख मॅट्रिकच्या पुस्तकापुरती; त्या पुस्तकातली बरीच पाने मी या नावेपाशी बसून पुन्हा वाचली असे म्हटले तरी चालेल.

मी राहतो केडगावात, आणि शिकवायला जातो नदीकाठच्या एका गावात. केडगावातून न्हावऱ्याच्या रस्त्याने उत्तरेला गेले की पारगावजवळ भीमेचा पूल लागतो. नदीच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. मुळा-मुठा याच भागात भीमेला मिळते आणि पुण्याच्या पाण्याबरोबर जलपर्णीचे हिरवे गालिचेही घेऊन येते. म्हातारी माणसे सांगतात की पूर्वी उन्हाळ्यात ही नदी गुडघाभर पाण्यातून ओलांडता येई. आता बंधाऱ्यांमुळे पाणी तुंबून राहते. उसाला ते बरे, पण पायाला उतार राहिलेला नाही. पूल आहे. पण पूल सगळ्यांच्या दारात कसा असणार? पलीकडच्या एका वस्तीवरून आमच्या शाळेत पाच मुले येतात. नदी सरळ ओलांडली तर त्यांना दहा मिनिटे लागतात. पुलावरून वळसा घालून यायचे म्हणजे दीड तासाची चाल.

नदी ओलांडण्याची साधने इथे पिढीगणिक बदलत गेली. सुक्या भोपळ्यांची सांगड होती. मग डांबर फासलेली लाकडी नाव आली. मग लोखंडी पत्र्याच्या बोटी आल्या. त्यांतल्या वाळू उपसणाऱ्या कित्येक बोटी महसूल खात्याच्या लोकांनी जिलेटिन लावून उडवल्या. या सगळ्यांच्या मागून आबांची जर्मनची नाव आली. आबांची जमीन दोन्ही काठांवर आणि पाण्याचे पंप पात्राच्या कडेला, तेव्हा नाव ही त्यांना बैलगाडीइतकीच गरजेची. कुठल्याशा लिलावात ती भंगारात निघाली होती. आबांनी ती किलोच्या भावाने घेतली. लांबी बारा फूट, रुंदी चार फूट, तळाला तीन पत्रे, आणि ते एकमेकांना जोडणारे शेकडो रिव्हेट. सकाळ-संध्याकाळ आमची पाच मुले दोन खेपांत तिच्यातून येत-जात. आबांनी त्यांच्याकडून कधी पैसा घेतला नाही.

नाव पहिल्या दिवसापासून गळत होती.

गळती असली की माणसे ती शोधत नाहीत, तिची सवय करून घेतात. घराचे छप्पर गळते तिथे आपण बादली ठेवतो. आणि मग पावसाळा आला की बादली ठेवणे हे घरातले एक कामच होऊन बसते. या नावेतही तसेच झाले. रंगाचा एक रिकामा डबा तिच्यात कायम पडलेला असे. पाणी उपसणे हा नाव चालण्याचाच एक भाग झाला होता, वल्हे मारण्यासारखा. वल्हे आबांच्या गड्याच्या हाती आणि डबा सातवीतल्या एका मुलीच्या हाती. पाच जणांत तीच थोरली.

नावेवर उपाय झाले नाहीत असे नाही. पाणी दिसे ते नेहमी मागच्या अंगाला, शेवटच्या बसायच्या फळीखाली. म्हणून आबांनी तिथे दोनदा डांबर ओतले. उन्हाळ्यात ते पाघळले, हिवाळ्यात तडकले, आणि खालून पाणी येत राहिले ते राहिलेच. मग एका वर्कशॉपात नाव नेली. तिथल्या कारागिराने ढिले वाटणारे चार रिव्हेट काढून लोखंडी बोल्ट आवळले. पाणी थोडे कमी झाल्यासारखे वाटले. वर्षाने पुन्हा वाढले, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी वेल्डिंग करू गेले, तर पत्र्याला हरभऱ्याएवढे भोक पडले. ते बुजवायला आणखी एक बोल्ट बसला.

वेल्डिंगने भोक का पडावे, याचे उत्तर या धातूच्या स्वभावात आहे. लोखंड तापले की लाल होते, मग पिवळे होते. वितळण्याआधी ते कारागिराला चार वेळा सूचना देते. जर्मन काहीच सांगत नाही. ६६० अंशांना तो वितळतो आणि तोपर्यंत रंग बदलत नाही. त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी ऑक्साइडची एक पातळ साय असते, ती तर २,००० अंशांच्या पुढे वितळते. म्हणजे वरची साय शाबूत आणि आतला धातू पाणी, अशी अवस्था येते. कारागीर वाट पाहतो लाल होण्याची, आणि पत्रा एकाएकी हातातून निघून जातो. आरगॉन वायूच्या झोतात हे काम नीट होते, पण जुन्या, पातळ, मळ मुरलेल्या पत्र्यावर तेही जिकिरीचे.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनीच्या जलाशयात, कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. उजनीचे पाणी म्हणजे आमच्याच भीमेचे पाणी. ती बातमी या काठच्या घराघरांत पोचली. दोनच दिवसांनी त्या मुलीचे वडील आबांकडे आले. मी तिथे होतो. ते म्हणाले, “आबा, तुमचे उपकार हायेत. पण जूनपास्नं पोरगी न्हाई यायची. सातवी झाली, बास झालं. पाण्यावर कशाला जीव टांगायचा?”

त्यांचे म्हणणे चूक कसे म्हणावे? उजनीची बोट वाऱ्याने उलटली, गळतीने नव्हे, हे सांगून भागण्यासारखे नव्हते. नावेत साचलेले पाणी ही निराळीच चीज आहे. पोते एका जागी ठेवले की ते तिथेच राहते. पाणी राहत नाही. नाव डावीकडे कलली की तळचे सगळे पाणी डावीकडे धावते आणि कललेल्या बाजूलाच आपला भार टाकते. वाऱ्याने नाव वीतभर कलवायची, तर आतले पाणी ती हातभर कलवते. चार बोटे पाण्याने नाव बुडत नाही खरे, पण वारा सुटला की तेच पाणी त्याला सामील होते. हे ज्याला समजते त्याने मुलीला नावेत घालू नये हेच बरोबर. आणि वस्तीवरून आठवीला जायचे तर शाळा नदीच्या याच काठावर.

मी त्या मुलीला विचारले, “रोज किती डबे काढतेस?”

ती जराही न थांबता म्हणाली, “सकाळी येताना बारा. संध्याकाळी जाताना अठरा. आन्‌ पुढं खताची पोती असली तर पंचवीस.”

“आणि पुढे कोणी बसलेच नाही तर?”

“मग सहा-सात. त्येवढं तर काईच न्हाई.”

दोन वर्षे ती मोजत होती. कोणी विचारले नाही म्हणून तिने सांगितले नव्हते, इतकेच. पाणी दिसे मागे, डांबर ओतले मागे, बोल्ट आवळले मागे; आणि या पोरीचा हिशेब सांगत होता की ओझे पुढे असले की गळती वाढते. पुढे भार आला की नावेचे तोंड पाण्यात अधिक बुडते. मग भोक कुठे असणार?

शिकवण्याचा धंदा करणाऱ्याला हे कोडे नवे नाही. सातवीतला मुलगा अपूर्णांकात अडतो म्हणून आपण त्याला अपूर्णांकच पुन्हा पुन्हा घोटायला देतो; वास्तविक त्याची गळती तिसरीतल्या पाढ्यांत असते. मी थोड्याबहुत कादंबऱ्या लिहिल्या आहेत. तिथेही तीच तऱ्हा. दोनशेव्या पानावर वाचक कंटाळतो, पण भोक विसाव्या पानावर असते. पाणी शिरते एकीकडे, आतल्या आत वाहत जाते, आणि जिथे सखल जागा सापडेल तिथे दिसते. त्या जागेवर कितीही डांबर ओतले तरी काय उपयोग?

नाव दुरुस्त करणारा माणूस आमच्याकडे कुठून मिळावा? पण दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ आणि केडगावच्या बाजारात गुळाचा व्यापार जुना. गुऱ्हाळ म्हटले की काहील आली. उसाचा रस आटवायची ती अवाढव्य कढई लोखंडी पत्रे रिव्हेटांनी जोडूनच होते, आणि तिची डागडुजी करणारे कारागीर गुऱ्हाळांच्या आसऱ्याने असतातच. कोल्हापूर-सांगलीकडे पुराच्या दिवसांत माणसे काहिलीत बसून पाणी ओलांडत, हे पुष्कळांना ठाऊक आहे. म्हणजे काहील आणि नाव ही तशी चुलत भावंडेच. एक रस आत ठेवते, दुसरी पाणी बाहेर ठेवते. आबा अशाच एका मिस्त्रींना घेऊन आले. साठी उलटलेली, कानात भिकबाळीसारखी तार, हातात एक लहान हातोडी.

मिस्त्रींनी नावेला एक फेरी घातली. बोटाच्या पेराने एकेका रिव्हेटावर टिचकी मारत गेले आणि कान लावत गेले. मग म्हणाले, “पाण्यात बसून गळती हुडकत होता व्हय? काहिलीत रस असला की भोक खालनं दिसतं. पाणी नावंत घाला आन्‌ तुम्ही भायेर उभं ऱ्हावा.”

ऐकताना हे अगदी साधे वाटते. पण नाव पाण्यावर असताना पाणी बाहेर आणि आपण आत. भोकातून आलेला पहिला थेंब तळच्या सगळ्या ओलीत मिसळून जातो. नाव जमिनीवर घेऊन तिच्यात पाणी भरले की उलट होते. बाहेरचे अंग कोरडे असते आणि त्यावर उमटलेला ओला ठिपका कुठेही लपत नाही. इतकी वर्षे जे पाणी नावेबाहेर काढायची धडपड चालली होती, तेच आता आपल्या हातांनी तिच्यात ओतायचे होते. गड्याला काही ते पटले नाही. तो शेवटपर्यंत मान हलवत होता.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नाव आबांच्या वस्तीवर, लिंबाखाली आणली. तळच्या फळ्या काढल्या तेव्हा खाली दोन बोटे गाळ निघाला, आणि गाळाखाली पांढरी भुकटी. जर्मनचा गंज तो हाच. उघड्या हवेत या धातूची साय त्याला सांभाळते. ओरखडा पडला तर क्षणात नवी साय धरते. पण ओला गाळ किंवा ओली फळी महिनोन्‌महिने अंगाला चिकटून राहिली, आत हवा खेळली नाही, की साय हरते आणि पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. लोखंडी बोल्टांभोवती तर पत्रा बिस्किटासारखा भुसभुशीत झाला होता. दोन निराळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओल, म्हणजे एक बारीकशी बॅटरीच ती. त्या व्यवहारात खर्ची पडतो तो जर्मन. लोखंड मजेत राहते. गळती थांबवायला घातलेल्या बोल्टांनी अशी नव्या गळतीची बेगमी करून ठेवली होती.

पाणी भरण्याआधी मिस्त्रींनी नावेखाली जुने टायर आणि वाळूची पोती जागोजाग सारली. मी हिशेब केला तेव्हा त्यांची काळजी कळली. बारा फूट लांब, चार फूट रुंद, आणि पाणी अर्धा फूट; म्हणजे चोवीस घनफूट. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर धरले तर पावणेसातशे लिटर, सुमारे पावणेसात क्विंटल वजन. नदीत असताना खालचे पाणी नावेला सगळीकडून उचलून धरते. इथे दोन ठोकळ्यांवर ठेवून एवढा भार टाकला असता तर जुने सांधे राहिले बाजूला, नवेच उसवले असते.

बाहेरचे अंग फडक्याने कोरडे केले. ओला ठिपका पांढऱ्या पत्र्यावर चटकन दिसेना, म्हणून मी शाळेतल्या खडूचे तुकडे कुटून त्यांची भुकटी कापडाच्या पुरचुंडीतून सगळ्या तळावर झटकली. नाव भुरकी पांढरी झाली. मग आबांनी पंपाची नळी सोडली. पाच मुले उकिडवी बसून खाली पाहत होती. परीक्षेतही त्यांना मी इतके शांत पाहिलेले नाही.

पहिला ठिपका उमटला तो पुढे, नावेच्या तोंडापासून दोन हातांवर, कण्याच्या पट्टीतल्या तिसऱ्या रिव्हेटापाशी. खडू तेवढ्या जागी काळसर झाला, मग त्याचा मणी झाला, मग मणी पट्टीच्या कडेने मागे निघाला. मुलगी काही बोलली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले.

मिस्त्री म्हणाले, “पळत्या पाण्याकडं बघू नका, निघत्या पाण्याकडं बघा.” थेंब पट्टीला धरून हातभर मागे जाऊन पडत होता, जिथे पडतो तिथे खूण केली असती तर पुन्हा तीच फसगत. म्हणून जिथे ओल पहिल्यांदा धरते तिथेच रंगीत मेणखडूने गोल काढायचा, पुसायचे, आणि पुन्हा पाहायचे. अर्ध्या तासात चौदा गोल झाले. अकरा रिव्हेट, दोन बोल्ट, आणि पत्र्याला पडलेल्या खड्ड्यांपैकी सुईच्या टोकाएवढा आरपार गेलेला एक. त्या अकरांपैकी आठ पुढच्या तिसऱ्या हिश्शात होते. नाव रोज काठावर घासत ओढायची, तिचे तोंड दगडांवर आपटायचे; रिव्हेट सैल झाले होते ते तिथे. आत शिरलेले पाणी फळ्यांखालून, बरगड्यांच्या खाचांतून मुकाट मागे जाई आणि शेवटच्या फळीखाली तोंड दाखवी.

शोधायला अर्धा दिवस लागला, दुरुस्तीला तीन. रिव्हेट आणायला आबांचा मुलगा गाडीने पुण्याला, रविवारातल्या बोहरी आळीत गेला आणि बंदुकीने मारायचे पोकळ पॉप रिव्हेट घेऊन आला. मिस्त्रींनी एक उजेडाकडे धरून त्याच्यातून पलीकडे पाहिले आणि परत दिला. मधून पोकळ रिव्हेट म्हणजे भोकाला भोकाचेच बूच. दुसऱ्या खेपेला भरीव, जर्मनचेच रिव्हेट आले.

जे नुसते सैल होते ते ठोकून घट्ट बसले. त्याला माणसे दोन लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटाच्या डोक्याला जड लोखंड भिडवून धरायचे, दुसऱ्याने आतून शेपटावर हातोडी मारायची. मिस्त्री आत आणि मी खाली पोत्यावर उताणा, घणाचे डोके दोन्ही हातांनी वर रेटून. मध्ये पत्रा, एकमेकांचे तोंड दिसत नाही. म्हणून आवाजावर काम. मी दोन टकटक केले की लोखंड भिडले. त्यांनी एक टक केला की मारतो आहे. मारून झाले की तीन. माझे लोखंड केसभर सुटले असेल तर हातोडीचा आवाज भदभद येई आणि ते आतून नुसते “अंहं” म्हणत. नीट भिडले असले की घंटेसारखा कोरा आवाज. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्हा दोघांचा हात असा बसला की टकटकीचीही गरज राहिली नाही. कुणाला न पाहता त्याच्याबरोबर काम करण्याचा हा आनंद मजजवळ इतर कुठल्या कामातून आलेला नाही.

ज्यांची भोके मोठी झाली होती ते रिव्हेट काढून एक माप जाड घातले. लोखंडी बोल्ट सगळे काढले. त्यांच्या जागी भुसभुशीत पत्रा कापून टाकला आणि आतून चांगल्या पत्र्याची थिगळे बसवली. खाली सांधा भरायचा लुकणाचा थर, भोवती जवळजवळ रिव्हेट. लुकण लावण्याआधी पत्रा काचकागदाने घासून लगेच, त्याच घटकेला, लावायचे. रेंगाळले की धातू पुन्हा साय धरतो आणि लुकण पत्र्याऐवजी सायीलाच चिकटते. थिगळाच्या कडांना कोपरे ठेवले नाहीत, गोल केल्या. “कोपऱ्यातनं चीर जाती,” मिस्त्री म्हणाले. शिवणकाम करणाऱ्या बायकांनाही हे ठाऊक असते.

मग पुन्हा पाणी भरले, पुन्हा खडू. दोन ठिपके उरले होते. ते ठोकले. तिसऱ्यांदा पाणी भरले ते रात्रभर तसेच ठेवले. सकाळी सगळी जण येऊन वाकली. खडू जसाच्या तसा पांढरा होता.

शाळा उघडायच्या आधी, पाऊस लागायच्या आत, नाव नदीत उतरली. त्या मुलीच्या वडिलांनी स्वतः खताची दोन पोती पुढे ठेवली आणि त्यांच्याशेजारी आपण बसले. मुलगी मागे, डबा हातात. पलीकडे जाऊन नाव परत आली. मी विचारले, “किती?”

“दीड डबा,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पर ते वल्ह्याचं पाणी हाय.”

वडील नावेतून उतरले, पाय झटकले, आणि आबांना म्हणाले, “पूर येईस्तोवर येऊ द्या तिला. पुराचं दोन महिनं म्या मोटारसायकलवरनं पुलावरनं आणून सोडीन.” आबांनी पाच तरंगती जाकिटे आणली आणि ती घातल्याशिवाय नावेत पाऊल नाही असा दंडक घातला. वारा दिसला की नाव सुटत नाही. गळती गेली म्हणून नदी निवळली असे कोणी मानलेले नाही.

मुलगी आता वरच्या वर्गात गेली आहे. दर वर्षी मे महिन्यात नाव लिंबाखाली येते, फळ्या निघतात, गाळ धुतला जातो, टायर सारले जातात आणि पाणी भरले जाते. पहिल्या वर्षी एक नवा ठिपका निघाला. आवाज ऐकून गोल कुठे काढायचा ते ती सांगते, आणि गोलही तीच काढते. डबा नावेतून काढलेला नाही. पण त्याच्या तळाशी आता वाळलेली पाने असतात.

मिस्त्रींनी मजुरी ठरली तेवढीच घेतली. जाताना मात्र खडूची उरलेली पेटी मागून घेतली. मला नवल वाटले. पुढच्या हंगामात एका गुऱ्हाळावरून जाताना बाहेर अंगणात काहील विटांवर टेकवून ठेवलेली दिसली. तिच्यात पाणी भरले होते, आणि तिचे काळे कुळकुळीत बूड खडूच्या भुकटीने पांढरे झाले होते. खाली कोणीतरी उताणे पडून वर पाहत होते. चपला मिस्त्रींच्याच असाव्यात.